मिनीव्हॅनला पॉवर स्लायडिंग डोअर घ्यावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिनीव्हॅन घ्यायचं ठरलं की रंगावरून होत नाहीत एवढे वाद दारावरून होतात. एक जण म्हणतो, "दार सरकवायला हात नाहीत का?" दुसरा कडेवर झोपलेलं मूल आणि खांद्यावर तीन पिशव्या घेऊन उभा असतो, त्याच्याकडे खरंच हात नसतात. आमच्याकडे आधी हाताने सरकवायच्या दारांची व्हॅन होती, नंतर मोटरच्या दारांची आली. तेव्हापासून नातेवाईक आणि ओळखीचे लोक जे जे विचारत आले, ते इथे एकत्र केलं आहे. काही प्रश्नांची उत्तरं लांबली आहेत, काहींची एका ओळीत आटोपली आहेत.

पॉवर स्लायडिंग डोअर म्हणजे नेमकं काय?

दार तेच, साधं सरकतं. गाडीच्या अंगाला वर, खाली आणि मागच्या पत्र्यावर मधोमध असे तीन रूळ असतात आणि त्यांवरून दार छोट्या चाकांवर धावतं. फरक इतकाच की इथे ते ओढायला मोटर असते. बहुतेक गाड्यांत ही मोटर मागच्या पत्र्याच्या आत लपलेली असते आणि पोलादी केबलने दार पुढे-मागे ओढते. विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळला जातो तशी ती केबल एका रिळावर गुंडाळली जाते. याखेरीज दोन छोटे भाग असतात, ज्यांची जाहिरातीत कोणी फारशी दखल घेत नाही. एक भाग कुलूप सोडवतो. दुसरा, दार मिटत आलं की शेवटचे काही मिलिमीटर ते आत खेचून घट्ट बसवतो. हा दुसरा भाग लक्षात ठेवा, पुढे त्याचा उल्लेख पुन्हा येईल.

दार चालवायची बटणं सहसा चार ठिकाणी असतात: किल्लीच्या रिमोटवर, ड्रायव्हरच्या हाताशी, दाराशेजारच्या खांबावर आणि खुद्द दाराच्या हँडलमध्ये. हँडल हलकेच ओढलं की पुढचं काम मोटर करते.

घ्यावं की नाही? आधी उत्तर सांगा, मग पाल्हाळ लावा.

घरात मुलं लहान असतील किंवा गाडीत चढताना कोणाला आधार लागत असेल तर घ्या. मुलं मोठी झाली असतील आणि गाडी जुनी, बरीच धावलेली घेणार असाल तर त्यासाठी अडून बसू नका.

दार उघडायला असा किती त्रास पडतो?

उघडायला फारसा पडत नाही. सगळे "उघडण्या"बद्दल विचारतात, कारण शोरूममध्ये विक्रेता रिमोट दाबून दार उघडून दाखवतो. मला विचाराल तर पैसे द्यायचे ते बंद होण्यासाठी.

हाताने चालणारं सरकतं दार बंद करताना नेमकं काय होतं ते पाहा. चौकटीभोवती रबराची जाड पट्टी असते. दार ती पट्टी सगळीकडून एकाच वेळी दाबत आत जातं, त्यामुळे शेवटच्या टप्प्यावर त्याला जोर लागतो. तो जोर म्हणजे धावतं दार दाणकन आपटणं. सात वर्षांच्या मुलाला ते जमत नाही. तो दार सरकवतो, 'टक' असा एक आवाज येतो आणि त्याला वाटतं, झालं. पण कुलपाला दोन टप्पे असतात आणि लागलेला असतो तो पहिलाच. मग गाडी सुरू केली की डॅशबोर्डवर लाल दिवा. ड्रायव्हरने उतरायचं, गाडीला वळसा घालायचा, दार पुन्हा उघडून आपटायचं. शाळेच्या फाटकाशी मागे गाड्यांची रांग लागलेली असताना हा वळसा फार लांब वाटतो. आमच्या जुन्या गाडीत मी तो आठवड्यातून निदान तीनदा घालत असे. झोपलेलं मूल त्या आपटण्याने दचकून उठायचं ते वेगळंच.

मोटरचं दार हे काम स्वतःच करतं. ते हळू येतं, टेकतं आणि तो खेचणारा भाग त्याला आत ओढून घेतो. मी जागेवरून बटण दाबतो आणि दिवा विझेपर्यंत आरशात बघतो. बस.

चढावर किंवा उतारावर काय होतं?

इथे फरक सगळ्यात जास्त कळतो. सरकतं दार गाडीच्या मागच्या दिशेला उघडतं. गाडीचं तोंड चढाकडे असेल तर दार उघडताना आपल्या वजनाने मागे धावतं आणि बंद करताना ते चढावर ढकलावं लागतं. बारीक चणीच्या माणसाला ते अक्षरशः रेटावं लागतं. तोंड उताराकडे असेल तर याच्या उलट: उघडताना जड, आणि अर्धवट उघडं सोडलं तर ते आपणहून मिटायला धावतं. पूर्ण उघडल्यावर दार धरून ठेवणारा खटका असतो, पण तिथपर्यंत ते पोचायला हवं. मूल उतरत असताना अर्धं उघडं दार त्याच्याकडे सरकू लागलं की काळजात धस्स होतं.

मोटर उतारावर दाराला लगाम घालते आणि चढावर ते ढकलते. मात्र फार तीव्र उतारावर काही गाड्यांचं दार मध्येच थांबतं किंवा पिकपिक वाजून सूचना देतं. ती मोडल्याची खूण नव्हे, तिथे ते हात टेकत असतं.

मुलाचं बोट अडकलं तर?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो विचारायलाच हवा.

दारात अडथळा ओळखण्याच्या साधारण दोन युक्त्या असतात. पहिली, दाराच्या पुढच्या कडेला असलेली संवेदनशील रबरी पट्टी. ती दबली की दार थांबतं आणि मागे फिरतं. दुसरी, मोटरवर येणारा ताण. दार ज्या वेगाने सरकायला हवं त्या वेगाने सरकलं नाही, तर मध्ये काहीतरी आलं असं संगणक धरून चालतो आणि दार उलट फिरवतो. बऱ्याच गाड्यांत दोन्ही असतात.

तरीही "अडकलं तर आपोआप उघडतं" या वाक्यावर विसंबून राहू नका. दार मागे फिरायच्या आधी ते स्पर्श करतंच, दाबतंच. तो दाब मोठ्या माणसाच्या दंडाला काहीच वाटत नाही. चिमुकल्या बोटाला वाटतो. शेवटचे काही मिलिमीटर जेव्हा दार आत खेचलं जात असतं, तो क्षण सगळ्यात नाजूक असतो. हे नुसतं कागदावरचं नाही. 2023 मध्ये अमेरिकेत कियाने 2022 आणि 2023 सालच्या 51 हजारांहून अधिक कार्निव्हल गाड्या याच कारणासाठी दुरुस्तीला बोलावल्या. बंद होणाऱ्या दारात अडकून लोकांना दुखापती झाल्या होत्या. उपाय म्हणून सॉफ्टवेअर बदलून दार मिटत येताना त्याचा वेग कमी केला आणि इशाऱ्याचे आवाज वाढवले.

बहुतेकांच्या लक्षात न येणारी जागा दाराच्या पुढे नसून मागे आहे. दार उघडतं तेव्हा त्याची मागची कड गाडीच्या बाहेरच्या अंगाला घासल्यासारखी मागे जाते. तिथे मधला रूळ असतो आणि त्याची खाच बरोबर लहान मुलाच्या खांद्याच्या उंचीवर येते. मुलं उतरायची वाट बघत गाडीला टेकून उभी राहतात आणि नेमकी त्याच खाचेत बोटं फिरवतात. म्हणून आमच्या घरात एकच नियम आहे: दार हलत असताना कोणाचाही हात गाडीला लागता कामा नये. "हात पोटावर!" म्हटलं की तिघंही पोटाला हात लावून उभे राहतात. धाकट्याने ही सवय घराच्या कपाटालाही लावली आहे.

मागच्या दाराची काच खाली होत असेल तर आणखी एक गोष्ट. काचेतून हात किंवा डोकं बाहेर असताना दार मागे सरकलं तर काय होईल ते सांगायला नको. काच उघडी असली की काही गाड्यांचं दार पूर्ण उघडतच नाही, ते यासाठीच. तुमच्या गाडीत ही सोय आहे का, ते मॅन्युअलमध्ये पाहून घ्या.

हाताने आपटायचं दार मात्र अडथळा अजिबात ओळखत नाही. मोठ्या भावाने जोरात ओढलेल्या दाराला मागे फिरायची अक्कल नसते. तुलना करायची तर त्या दाराशी करा, काल्पनिक निर्धोक दाराशी नको.

चालत्या गाडीत दार उघडेल का?

नेहमीच्या परिस्थितीत नाही. गियर पार्कमध्ये असताना किंवा गाडी जवळजवळ उभी असतानाच मोटर दार उघडू देते. काही गाड्यांत ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर असावा लागतो. शिवाय चाइल्ड लॉक लावलं की आतलं हँडल निकामी होतं.

पण यंत्र आहे, त्यात दोष निघू शकतात आणि निघालेही आहेत. 2016 मध्ये टोयोटाने अमेरिकेत 2011 ते 2016 सालच्या सुमारे 7 लाख 44 हजार सिएना गाड्या परत बोलावल्या. दार उघडताना ते कशाने तरी अडलं, तर मोटरच्या सर्किटवर ताण येऊन फ्यूज उडू शकत होता. तो नेमका कुलूप सुटलेलं असताना उडाला, तर दार तशाच स्थितीत राहायचं आणि गाडी चालताना उघडू शकायचं.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली, सेकंडहँड गाडी घेताना चेसिस नंबरवरून दाराचं रिकॉल काम (म्हणजे कंपनीने गाड्या परत बोलावून केलेली दुरुस्ती) झालं आहे का, ते कंपनीकडे विचारा. त्याला पाच मिनिटं लागतात. दुसरी, दार उघडं असल्याचा दिवा लागला तर "सेन्सर खराब असेल" म्हणून पुढे जाऊ नका.

मुलं बटणाशी खेळतात. काय करायचं?

ड्रायव्हरजवळ बहुतेक गाड्यांत एक मुख्य बटण असतं. ते बंद केलं की खांबावरची आणि हँडलची मोटर-सोय थांबते आणि दार हाताने चालतं. नव्या गाडीचा पहिला महिना ते बंदच ठेवा. खेळण्याचं नवल ओसरलं की चालू करा. चाइल्ड लॉकमुळे खांबावरचं बटणही बंद होतं की फक्त हँडल, हे गाडीगणिक वेगळं आहे. स्वतः मागे बसून करून पाहा, विक्रेत्याच्या मानेच्या हालचालीवर जाऊ नका.

दोन्ही बाजूंना हवं का?

असेल तर उत्तम. पण एकच मिळत असेल तर जिथे मुलं चढतात-उतरतात त्या बाजूला, म्हणजे फुटपाथच्या बाजूला असू द्या.

थोडा इतिहास सांगतो, कारण तो गमतीचा आहे. 1984 सालच्या मॉडेलपासून क्रायस्लरने अमेरिकेत ज्या मिनीव्हॅन आणल्या, डॉज कॅराव्हॅन आणि प्लिमथ व्हॉयेजर, त्यांना सरकतं दार एकाच बाजूला होतं. ड्रायव्हरच्या बाजूला दुसरं सरकतं दार 1996 च्या मॉडेलमध्ये मिळू लागलं, तेही पर्याय म्हणून. ते लोकांना इतकं आवडलं की पुढे एका दाराची व्हॅन कोणी विचारेनासं झालं. मोटरचं दार 1990 च्या दशकात जनरल मोटर्सच्या व्हॅनमध्ये एका बाजूला आलं. 1999 च्या होंडा ओडिसीच्या वरच्या मॉडेलला दोन्ही बाजूंना मोटर होती. जपानमध्ये तर ही सोय मिनीव्हॅनपुरती राहिलीच नाही. होंडा एन-बॉक्स, दाइहात्सू टँटो यांसारख्या चिमुकल्या 'केई', म्हणजे तिथल्या सगळ्यात छोट्या वर्गातल्या गाड्यांनाही सरकती दारं असतात आणि त्यांना मोटर मिळते. युरोपात प्यूजोने 1007 नावाच्या छोट्या गाडीला मोटरची सरकती दारं देऊन पाहिली, पण ती गाडी काही चालली नाही.

एका बाजूला मोटर आणि दुसऱ्या बाजूला हात अशी गाडी असेल, तर घरातलं प्रत्येक मूल मोटरच्या बाजूनेच चढायला भांडतं, हेही ध्यानात ठेवा.

पाय हलवून किंवा नुसतं जवळ उभं राहून उघडणारी दारं कशी असतात?

दोन प्रकार आहेत. एकात गाडीखाली पाय पुढे करून मागे घेतला की दार उघडतं. क्रायस्लर पॅसिफिका आणि नव्या सिएनामध्ये ही सोय मिळते. दुसऱ्यात किल्ली खिशात ठेवून दारापाशी काही सेकंद उभं राहिलं की ते उघडतं. कार्निव्हलमध्ये असं आहे.

कल्पना छान. व्यवहारात मात्र कडेवर मूल घेऊन एका पायावर उभं राहून दुसरा पाय बरोबर त्या जागी नेणं म्हणजे कसरत. पहिल्या खेपेला दार उघडत नाही, दुसऱ्या खेपेला उघडायला लागतं आणि आपण तिसऱ्यांदा पाय मारल्याने ते थांबतं. पावसात बुटाला चिखल असेल तर पाय मारताना पँटही माखते. जवळ उभं राहून उघडणारं दार जास्त उपयोगी, पण गाडी धुताना किल्ली खिशात असली तर तेच शत्रू होतं. मी पाइपने मागचं चाक धूत असताना दार आपणहून उघडलं आणि मुलांच्या सीटवर पाणी गेलं, तेव्हापासून धुताना किल्ली घरात ठेवतो.

यासाठी वरचं मॉडेल घ्यावं का? माझ्या मते नाही. रिमोटचं बटण अंगठ्याने दाबता येतं आणि तेवढं पुरतं. गाडीकडे चालत येतानाच दाबायचं, पोचेपर्यंत दार उघडलेलं असतं.

दार फार हळू चालतं असं ऐकलं.

खरं आहे. पाच-सहा सेकंद लागतात आणि धो धो पावसात ते पाच-सहा मिनिटांसारखे वाटतात. घाईत असलेला माणूस दाराला हाताने ढकलतो आणि दार गोंधळून थांबतं किंवा उलट फिरतं, कारण ते त्याला अडथळा समजतं. नव्या गाडीत पाहुण्यांना हे आधी सांगावं लागतं: "हात लावू नका, त्याचं ते येईल."

बॅटरी उतरली तर आपण आत अडकतो का?

नाही. आतलं हँडल नीट ओढलं की कुलूप सुटतं आणि दार हाताने सरकतं. फक्त ते साध्या दारापेक्षा जड लागतं, कारण मोटर आणि केबलही बरोबर ओढाव्या लागतात. चाइल्ड लॉक लावलं असेल तर आतून उघडणार नाही, बाहेरून उघडावं लागेल. मुलांना हे एकदा करून दाखवलेलं बरं. आजीलाही दाखवा, आमची आजी बटण चालत नाही म्हणून शांतपणे बसून राहिली होती.

बॅटरी अशक्त असेल तर त्याची चाहूल बहुधा दारच आधी देतं. गाडी सुरू होते, पण दार अर्ध्यावर दमतं. बॅटरी बदलल्यावर काही गाड्यांना दाराची जागा पुन्हा "शिकवावी" लागते. बहुतेक ठिकाणी दार हाताने पूर्ण बंद करून मग बटणाने एकदा उघड-बंद केलं की झालं. हे माहीत नसल्यामुळे दार बिघडलं समजून गॅरेजला पळणारे मी पाहिले आहेत. मीही त्यातलाच एक.

बिघडतं का?

बिघडतं. जितके हलणारे भाग तितकी दुखणी, यात काही गूढ नाही. पण नेमकं काय बिघडतं हे ठाऊक असेल तर भीती निम्मी होते.

सगळ्यात कमनशिबी भाग म्हणजे ती पोलादी केबल. ती रिळावर गुंडाळली जाते, कप्प्यांवरून वळते आणि दिवसातून दहा-पंधरा वेळा हे करते. वर्षानुवर्षं वळून तिच्या तारा एकेक करून सुटतात, प्लास्टिकचं आवरण फाटतं आणि एक दिवस ती रिळावर गुंता करते. त्याआधी लक्षणं दिसतात: दार चालताना 'टकटक' किंवा 'कड' असा आवाज, मध्येच थोडं अडखळणं, पूर्ण उघडून परत मिटणं, किंवा एका दिशेने नीट आणि दुसऱ्या दिशेने रडत चालणं. आवाज सुरू झाला की दार मुख्य बटणाने मोटरवरून काढा आणि हाताने वापरा. तुटलेली केबल ओढत राहिलात तर मोटरही जाईल.

दुरुस्ती महाग का पडते, तर बऱ्याच गाड्यांत कंपनी केबल सुटी देत नाही. मोटर, रीळ आणि केबल मिळून एकच संच घ्यावा लागतो. शिवाय तो संच मागच्या पत्र्याच्या आत असल्याने आतलं अस्तर, कधी तिसऱ्या रांगेच्या सीटचा भाग, सगळं खोलावं लागतं. काम तासांचं, भाग किमतीचा. काही लोकप्रिय गाड्यांसाठी बाहेरच्या कंपन्यांच्या सुट्या केबल मिळतात आणि हात बसलेला मेकॅनिक त्या बसवून देतो. वॉरंटी संपलेली असेल तर आधी तेवढंच विचारून पाहा.

केबलनंतर नंबर लागतो तो कुलपाच्या छोट्या मोटरांचा. दार मिटतं, टेकतं आणि लगेच पुन्हा उघडतं, असं वारंवार होत असेल तर शंका केबलवर नव्हे, कुलपावर घ्या. तिसरं दुखणं वायरिंगचं. दार सरकतं म्हणून त्याच्याकडे जाणारी वायर एका लवचीक साखळीसारख्या नळीतून जाते आणि ती सतत वाकत असते. आत तार तुटली की दाराची काच, कुलूप आणि मोटर एकाच वेळी वेड्यासारखं वागू लागतात. चाकं झिजणं हे चौथं, पण ते हाताच्या दारालाही होतंच.

मोटर संपूर्ण जळण्याचे प्रकार मी त्या मानाने कमी ऐकले आहेत.

मग निगा काय राखायची?

खालचा रूळ. बाकी सगळं नंतर.

पायाखालचा तो रूळ म्हणजे मुलांच्या खिशाचा तळ. खडे, वाळू, खोडरबर, नाणी, बिस्किटाचा चुरा, खडूचे तुकडे, एकदा तर एक दुधाचा दात. एखादा खडा चाकाखाली आला की दार अडतं, संगणकाला अडथळा वाटतो, दार उलट फिरतं, आणि आपण म्हणतो मोटर गेली. दोन-तीन आठवड्यांतून एकदा व्हॅक्युमने रूळ स्वच्छ करा आणि ओल्या फडक्याने पुसा. वर्षातून एक-दोनदा मधला आणि वरचा रूळही पुसा. वंगण मॅन्युअलमध्ये सांगितलंय तेच आणि अगदी थोडं लावा. जाड चिकट ग्रीस थापलं की धूळ त्यात बसते आणि काही महिन्यांत रुळात काळी पेस्ट तयार होते. एका गॅरेजवाल्याने आमच्या गाडीला "मोफत सर्व्हिस" म्हणून असंच भरभरून ग्रीस लावून दिलं होतं. ते काढायला माझा रविवार गेला.

थंड प्रदेशात राहत असाल तर रबरी पट्टीवर सिलिकॉन लावा, म्हणजे ती चौकटीला गोठून चिकटणार नाही. चिकटलेलं दार बटणाने ओढायला लावू नका. आधी हाताने सोडवा, मग मोटरला सांगा.

पेट्रोल भरताना दार उघडत नाही. बिघाड आहे का?

नाही. ज्या बाजूला इंधनाचं झाकण, त्या बाजूचं दार उघडताना झाकणावर किंवा भरणाऱ्याच्या हातातल्या नळीवर आदळू शकतं. म्हणून झाकण उघडं असताना ते दार अडवलेलं असतं किंवा थोडंच उघडतं.

जुनी गाडी घेताना दार कसं तपासायचं?

गाडी सपाटीवर आणि शक्य असेल तर उतारावर, दोन्हीकडे लावा. प्रत्येक दार प्रत्येक बटणाने उघडा आणि मिटवा: रिमोट, ड्रायव्हरचं बटण, खांब, आतलं हँडल, बाहेरचं हँडल. एखाद्याच बटणाने चालत नसेल तर सहसा स्वस्तात सुटतं. सगळ्यांनीच चालत नसेल तर किमतीत घासाघीस करा, नाहीतर सोडून द्या. इंजिन बंद असताना दहा वेळा लागोपाठ चालवा. दोन-तीनदा चालून दाखवणारी दारं आठव्या वेळी खरं बोलतात. मालक म्हणाला, "आम्ही हातानेच वापरतो, मुलांना तसंच आवडतं," तर समजा, मोटर बंद पडून बराच काळ झाला आहे.

मग मुख्य बटण बंद करून दार हाताने सरकवा. ते एकसारखं, आवाज न करता गेलं पाहिजे. मध्ये कुठे ढेकळावरून गेल्यासारखं झालं तर रूळ किंवा चाक. दार मिटल्यावर त्याची कड मागच्या पत्र्याशी सपाट बसते का, ते जमिनीच्या पातळीवर वाकून पाहा. दार एका कोपऱ्यात बाहेर आलेलं असेल तर गाडीला त्या बाजूने मार लागलेला असू शकतो. शेवटी, अडथळा ओळखण्याची परीक्षा गुंडाळलेल्या टॉवेलने घ्या. स्वतःच्या हाताने घेऊ नका आणि मुलाच्या हाताने तर मुळीच नाही.

नंतर बाहेरून बसवून घेता येतं का?

काही मॉडेलसाठी तसे संच मिळतात. माझा कल नकाराकडे आहे. कंपनीच्या दारात अडथळ्याची पट्टी, कुलूप, गियर आणि ब्रेक हे सगळे एकमेकांशी बोलतात. बाहेरून बसवलेल्या संचात त्यांतलं किती जोडलं गेलं हे बसवणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर अवलंबून राहतं.

वयस्क माणसांना याचा उपयोग होतो का, की हे मुलांपुरतंच?

मुलांपेक्षा जास्त होतो. सांधेदुखी असलेल्या माणसाला हँडल धरून वजनदार दार मागे खेचणं सगळ्यात अवघड, कारण त्यात मनगट, खांदा आणि कंबर एकदम लागते. सरकत्या दारामुळे मोठी मोकळी जागा आधीच मिळते, मोटरमुळे तो झटका टळतो. काठी किंवा वॉकर हातात असताना तर प्रश्नच मिटतो. टोयोटाने 2017 मध्ये खास टॅक्सीसाठी आणलेल्या जेपीएन टॅक्सीला प्रवाशाच्या बाजूला मोटरचं सरकतं दार दिलं, ते उगाच नाही.

अडचणीच्या पार्किंगमध्ये?

तिथे फायदा सरकत्या दाराचा आहे, मोटरचा नव्हे. शेजारच्या गाडीला ठोकर न देता दार उघडतं ते हाताच्या दारानेही. मोटर एवढंच करते की चिंचोळ्या फटीत उभं राहून तुम्हाला जोर लावावा लागत नाही.

कोणाला याची गरज नाही?

जे व्हॅनमध्ये माणसांपेक्षा सामान जास्त नेतात. जे वर्षातून चार लांबच्या फेऱ्या करतात आणि एरवी गाडी उभीच असते. न वापरलेल्या दारातही केबल आणि रबर म्हातारं होतंच. ज्यांना गाडी पंधरा-वीस वर्षं वापरायची आहे आणि दुरुस्ती स्वतः करायला आवडतं. आणि ज्यांची मुलं आता बारा-तेरा वर्षांची आहेत, त्यांचे हात मोकळे आहेत. दार आपटायला तर ती एका पायावर तयार असतात.

घरात मतभेद आहे. एकाला हवं, एकाला पैसे वाया वाटतात. काय करावं?

ज्याला वाया वाटतं त्याला आठवडाभर एकट्याने मुलांना शाळेत सोडायला आणि आणायला द्या, तेही हाताच्या दारांच्या गाडीने. आमच्याकडे गुरुवारपर्यंत निकाल लागला होता.